टोकाला शेषगिरी आहे

अख्खं विमान भाड्यानं घेऊन बेंगळुरूला येणाऱ्या माणसाला सगळं कळतं, फक्त आपल्याला जायचंय कुठं एवढंच कळत नाही. विचारलं तर छाती काढून सांगतो, बेंगळुरूला. अहो, बेंगळुरू म्हणजे काय बसस्टॉप आहे? उत्तरेकडच्या मोठ्या विमानतळावर उतरलात आणि जयनगरला जायचं असलं, तर आकाशातला प्रवास सव्वा तासाचा आणि जमिनीवरचा अडीच तासाचा. हेब्बाळच्या पुलावर मोटारीत अडकून बसायचं, काचेतून वर बघायचं आणि बायकोला म्हणायचं, ‘ते बघ, मघाशी आपण तिथं होतो.’

चामराजपेटच्या गुंडूरावांचं कामच मुळी हे होतं, अशा शहाण्यांना कुठं उतरायचं ते सांगायचं. वय बासष्ट, शिक्षण आठवीपर्यंत. आठवीतच मास्तरांच्या खुर्चीला खाजकुयली लावल्यामुळं सरस्वतीनं त्यांना तिथूनच निरोप दिला होता. शहराच्या दक्षिणेला, कनकपुरा रस्त्यावरून आत वळलं की मुद्दनपाळ्या नावाचं खेडं लागतं. त्याच्याशेजारी एका उड्डाण क्लबाची छोटी धावपट्टी. पत्र्याची एक खोली, वारा दाखवणारी एक फाटकी पिशवी आणि चारी बाजूंनी निलगिरीची झाडं. गुंडूराव तिथले साहेब, शिपाई, माळी आणि स्वागताध्यक्ष. पण विमानाच्या पायरीपाशी गाडी उभी असायची, आणि चाळीस मिनिटांत माणूस जयनगरात.

तर जानेवारीतली संध्याकाळ. तुंगाबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, त्यांना पावटे आणायला पिटाळलं होतं. बेंगळुरूत त्या दिवसांत जिकडंतिकडं ‘अवरेकाई’चे ढीग लागतात आणि भलीभली माणसं रस्त्यात उभी राहून शेंगांचा वास घेत असतात. गुंडूरावही एक शेंग नाकाला लावून उभे असताना फोन वाजला.

“गुंडूअण्णा, मी महांतेश. निपाणीचा. गुळाचा.”

“गुळाचा व्यापारी का गुळाचा मुंगळा?”

एरवी महांतेश हसला असता. आज हसला नाही. त्याच्या आईचं, कस्तुराबाईंचं, काळीज बिघडलं होतं. जयनगरच्या हॉस्पिटलात उद्या सकाळी दहाला ऑपरेशन, आणि डॉक्टर रात्रीच्या विमानानं महिनाभरासाठी परदेशी निघालेले. मोटारीचे हिसके आईला सोसायचे नाहीत म्हणून त्यानं बेळगावहून छोटं विमान ठरवलं होतं.

“पण अण्णा, आमचं पाव्हणं म्हणत्यात, मोठ्या विमानतळावर उतरा. आम्ही हार घेऊन येतो. फोटो बी चांगलं येतील.”

“महांतेश, हार उशिरा पोचणाऱ्यालासुद्धा घालतात रे. त्याचा अर्थ वेगळा असतो.”

पलीकडून बारीक आवाज आला, “तुमच्याकडंच उतरतो. पण धुकं-बिकं?”

“मी आहे ना. आणि टोकाला शेषगिरी आहे.”

आता हा शेषगिरी कोण, ते ऐका.

क्लबाचा नियम असा, की विमान उतरताना जमिनीवर दोन माणसं हवीत. एक खोलीपाशी, दुसरा पट्टीच्या पार टोकाला, किलोमीटरभर लांब. टोकाच्या माणसानं कुत्री, म्हशी, मोर हाकलायचे आणि वायरलेसवर सांगायचं, ‘मोकळी आहे, या.’ दोन माणसं नसली तर पट्टी बंद. तीन वर्षांपूर्वी टोकाचा माणूस हुबळीला मुलीकडं म्हणून गेला तो तिकडचाच झाला. मालक म्हणाले, दुसरा पाठवतो. ते अजून पाठवतायत. गुंडूरावांनी आठवडाभर वाट बघितली आणि मग एक माणूस स्वतःच तयार केला.

विमान यायच्या आधी ते स्कूटरवरून टोकापर्यंत जायचे, कुत्री हाकलायचे, खोलीपाशी परत यायचे. कामात खोट नव्हती. खोटा होता तो फक्त माणूस. परत आले की वायरलेसवर रुमाल धरायचा, घसा खरवडायचा आणि बोलायचं, “मी शेषगिरी... टोकावरून. स्वल्प धूळ आहे. मोकळी आहे, या.” हळूहळू त्यांना चटक लागली. शेषगिरीला त्यांनी खोकला दिला. वाक्यागणिक एक कानडी ‘स्वल्प’ दिलं. तो खोलीकडं कधी का येत नाही, असं कुणी विचारलं तर म्हणून डाव्या गुडघ्याचं दुखणं दिलं. राहायला राजाजीनगरात पोस्टाच्या मागं घर दिलं. देवानं माणूस घडवताना एवढा विचार केला असता तर महांतेशचे पाहुणे तरी जरा बरे निपजते.

आणि माणसं किती भोळी बघा! रूपश्री नावाची एक तरुण पायलट होती, पुण्याची. ती दर खेपेला शेषगिरीअण्णांसाठी धारवाडचे पेढे आणायची. गुंडूराव ते मोठ्या कर्तव्यबुद्धीनं खायचे. एकदा घरी जायला उशीर झाला, तेव्हा त्यांनी शेषगिरीच्या आवाजात घरी फोन केला, “अक्का, रागावू नका. ह्यांना मीच स्वल्प थांबवून घेतलं.” तुंगाबाईंना त्या खोकल्याची अशी काही दया आली, की दुसऱ्या दिवसापासून दोन डबे सुरू झाले, एक ह्यांचा, एक शेषगिरीअण्णांचा. तीन वर्षं! गुंडूरावांच्या पोटाचा जो घेर तुम्हाला दिसतो, त्यातला निम्मा कायद्यानं शेषगिरीचा.

त्यांची आई असती तर तिनं हे चालू दिलं नसतं. ती म्हणायची, जो यायचा नाही त्याच्या नावानं पान मांडू नये. मांडलेलं पान कुणीतरी ओळखतं. पितृपक्षात ठीक आहे, तिथं नाव माणसाचं असतं. पण नुसत्याच नावाला रोज वाढलं, तर त्या नावाला भूक लागते.

ते असो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गुंडूराव दोन डबे लटकवून मुद्दनपाळ्याला पोचले. पावट्याचं उप्पीट होतं, वर खोबरं. गेटाशी येताच स्कूटर दोनदा खोकली आणि बसली. त्यांनी लाथा मारून बघितल्या, गोंजारून बघितलं, शेवटी तिच्या घराण्याचा उद्धार करून बघितला. ती दवानं भिजून गेली होती, काही ऐकून घेईना.

आणि धुकं. तसं रोजच असायचं, पण त्या दिवशीचं काही वेगळं होतं. खोलीपासून अर्ध्या पट्टीपर्यंत सगळं लख्ख, अगदी डांबरातल्या चिरा दिसत होत्या. आणि बरोबर मध्यावर, जसा काही कुणी पांढरा पडदा सोडलाय, तशी भिंत. अलीकडं कोवळं ऊन, पलीकडं काही नाही. निलगिरीची झाडं त्या भिंतीत एकेक करून शिरत होती आणि परत बाहेर येत नव्हती. ओल्या नाचणीच्या काडाचा वास येत होता. पाखरू नाही, कुत्रं नाही. पानांवरून पाणी ठिबकायचं तेवढा आवाज.

सव्वासातला वायरलेस खरखरला.

“गुंडूकाका, गुड मॉर्निंग! रूपश्री. मी दहा मिनिटांवर आहे. वरून सगळा कापूस दिसतोय हो. मोठ्या एअरपोर्टवर पण ट्रॅफिक थांबवलंय, तासभर तरी वरच फिरवतील. तुमच्याकडं काय?”

“माझ्या बाजूला उघडं आहे, पोरी. पलीकडची अर्धी धुक्यात.”

“उतरायची बाजू दिसली तर मी येते. पण थांबायला मला पूर्ण लांबी लागणार. टोक मोकळं असल्याची खात्री हवी.” मग आवाज उतरला. “काका, आजींना श्वास घेता येत नाहीये नीट. ऑक्सिजन लावलाय. परत बेळगावला फिरले तर... तुम्हाला कळतंय ना? शेषगिरीअण्णा आहेत ना टोकाला?”

“आहे की,” गुंडूराव म्हणाले. सवयच तशी. जिभेवरून घरंगळलं.

म्हणाले आणि मग त्यांना आठवलं. आज ते टोकाला गेलेच नव्हते. स्कूटर मेलेली. चालत जायचं तर या गुडघ्यांनी पाव तास. तोवर विमान डोक्यावर. त्यांनी हिशेब मांडला, जानेवारीत म्हशी इकडं येत नाहीत. कुत्री असली तर इंजिनाच्या आवाजानं पळतील. तीन वर्षांत काही झालं नाही, आजच काय होणार? वर एक म्हातारी श्वासासाठी तडफडतेय. शेषगिरीचं एक वाक्य, आणि ती जयनगरला वेळेत पोचेल.

त्यांनी खिशातून रुमाल काढला. वायरलेसच्या तोंडावर धरला. घसा खरवडला. अंगठा बटणावर ठेवला, पण दाबला नाही.

न दाबताच वायरलेस बोलला.

“क्याप्टनबाई... मी शेषगिरी. टोकावरून.” मग खोकला. “स्वल्प थांबा... उतरू नका.”

गुंडूरावांनी आधी स्वतःच्या ओठांना हात लावून बघितला. मिटलेले होते.

“म्हशी आहेत... सात. डांबर रातभर ऊब धरतं ना, त्यावर बसल्यात. एक रेडकू आहे, ते उठत नाही... दहा मिनिटं द्या.”

“ओके शेषगिरीअण्णा! मी वर फिरते. थँक यू, हां!” रूपश्री आनंदानं म्हणाली. तिला काय, तिच्या लेखी रोजचाच माणूस रोजच्यासारखा बोलला होता.

इंजिनाचा आवाज धुक्यावरून गेला आणि लांबला.

बासष्ट वर्षं ज्या माणसानं खोड्या काढून गावाला घाबरवलं, त्याची ही अवस्था तुम्ही बघायला हवी होती. कोणीतरी आपली फिरकी घेतंय, हा पहिला विचार. खोलीत टोकाच्या माणसाचा दुसरा वायरलेस होता, तो कुणी पळवला असेल. गुंडूरावांनी धडपडत कुलूप काढलं, खण ओढला. वायरलेस जागेवर होता. तीन वर्षांपूर्वी काढून ठेवलेली बॅटरी शेजारी, तिच्यावर झुरळांची अंडी. हात लावला तर वायरलेस गार. पण मडक्याला असतो तसा दमट गारवा. जसा काही आत्ताच कुणी धुक्यातून आणून ठेवलाय.

त्यांनी आपला वायरलेस तोंडाशी नेला आणि हळूच विचारलं, “कोण आहे... तिकडं?”

“मी.”

“मी म्हणजे कोण?”

“असं काय विचारता, गुंडूराव...” आवाज दुखावल्यासारखा झाला. “शेषगिरी.”

“काका, सगळं ओके ना?” वरून रूपश्रीनं विचारलं.

“ओके... ओके आहे, पोरी,” गुंडूराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

पळून जावं असं एकदा वाटलं. पण वर सात म्हशींपेक्षा जड प्रश्न फिरत होता. हा आवाज कुणाचाही असो, म्हशी खऱ्या असल्या तर हाकलायला माणूस हवा. आणि म्हशी नसल्या तर थांबून त्या बाईचा जीव जायचा. गुंडूरावांनी मारुतीचं नाव घेतलं, काठी घेतली आणि पट्टीवरून चालायला लागले.

मध्यावर येऊन ते धुक्यात शिरले, तसं ऊन मागं बंद झालं. दार लावल्यासारखं. स्वतःच्या चपलांचा आवाजही ऐकू येईना. पन्नास पावलं. शंभर. मग वास आला, म्हशींचा, गरम शेणाचा. आणि त्यात मिसळलेला दुसरा एक... कढीपत्ता, मोहरी, पावटे. तुंगाबाईंच्या फोडणीचा. डबे तर मागं स्कूटरला लटकत होते, अर्धा किलोमीटर लांब.

“ह्यॅ... ह्यॅ... ऊठ, बाळा, ऊठ...” समोर कुणीतरी जिभेनं टकटक करत होतं. एका म्हशीच्या गळ्यातली घंटा हलली. खुरं वाजली, एकामागून एक, डांबरावरून मातीत उतरत गेली. त्यांच्यामागून एक पाऊल. मग काहीतरी घासलं. पाऊल... घासलं. डावा गुडघा.

धुक्यात एक पिवळा दिवा दिसला. जमिनीपासून हातभर उंच, कंदिलासारखा. तो हलत होता, पण धरणारा दिसत नव्हता.

“शेषगिरी...?” गुंडूराव कुजबुजले.

दिवा थांबला.

“पुढं येऊ नका, गुंडूराव.”

आता आवाज वायरलेसमधून येत नव्हता. समोरून येत होता, दहा हातांवरून. रुमालातून आल्यासारखा.

“का?”

“तुम्ही मला आवाज दिला. खोकला दिला. गुडघा दिला... घर दिलं, राजाजीनगरात. अक्कांनी जेवू घातलं.” तो थांबला. “तोंड द्यायचं राहिलं तुमच्याकडून. आता स्वल्प जवळ याल... दिवा वर करा म्हणाल... आणि उगीच...”

गुंडूरावांच्या हातातली काठी कधी पडली, त्यांना कळलं नाही. ते उलटे सरले. पाठ न फिरवता, एकेक पाऊल मागं, त्या दिव्यावर डोळे ठेवून. दिवाही वळून लांब गेला. पाऊल... घासलं. पाऊल... घासलं. ऊन अंगावर आलं तेव्हाच ते वळले आणि वजनाच्या मानानं बरेच जोरात पळाले.

खोलीपाशी पोचतात तोच वायरलेस खरखरला. “मी शेषगिरी, टोकावरून... मोकळी आहे. या.”

सात पंचेचाळीसला विमान उतरलं. चाकं उन्हात टेकली, अर्ध्या पट्टीवर धुक्यात गेलं, दिसेनासं झालं. गुंडूरावांनी डोळे मिटले. आवाज काही आला नाही. ना आदळल्याचा, ना ओरडण्याचा. मग इंजिन पुन्हा घुमलं आणि धुक्यातून नाक काढत ते छोटंसं विमान शहाण्या वासरासारखं चालत खोलीपाशी आलं.

महांतेशनं आईला उचलून तोवर येऊन उभ्या राहिलेल्या गाडीत ठेवलं. त्याचा चेहरा पांढराफटक होता, पण फोटोतल्यासारखं हसत होता. कस्तुराबाईंच्या तोंडावर ऑक्सिजन होता. त्यांनी तो बोटानं बाजूला सारला.

“त्या टोकाच्या बाबाला सांगा,” त्या म्हणाल्या, “देव त्याचं भलं करील. विमान थांबलं तवा खिडकीतनं बघितलं मी. दिवा धरून हुबा हुता. वळून बघंना मात्र. लाजरा दिसतोय.”

“आहे खरा लाजरा,” गुंडूराव म्हणाले.

गाडी गेली. रूपश्री पेढ्यांचा पुडा घेऊन उतरली. तिला कधी नव्हे ते गांभीर्य आलं होतं. “काका, त्या म्हशी मला दिसल्याच नसत्या. डायरेक्ट जाऊन धडकलो असतो. आज मी शेषगिरीअण्णांना भेटणारच. पाया पडते त्यांच्या.”

“नको!” गुंडूराव इतक्या जोरात ओरडले की ती दचकली. मग सावरून म्हणाले, “त्याला माणसांत अवघडल्यासारखं होतं. दे इकडं, मी देतो.”

आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तो पुडा उघडला नाही. धुकं उठल्यावर, लख्ख उन्हात, ते टोकापर्यंत गेले. सात ठिकाणी शेण होतं, अजून वाफाळणारं. आठव्या ठिकाणी रेडकू बसल्याचा सुका ठसा. माणूस नव्हता. त्यांनी एका दगडावर पुडा ठेवला, शेजारी शेषगिरीचा डबा ठेवला आणि मागं न बघता परत आले.

दहाला महांतेशचा फोन आला, आई आत गेल्या. तीनला आला, बाहेर आल्या, डॉक्टर हसत होते. गुंडूराव फोन ठेवून खोलीच्या पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. आपण अंगठा दाबणार होतो, हे त्यांना एकट्यालाच माहीत होतं. एकट्याला, आणि आणखी एकाला.

घरी गेल्यावर त्यांनी तुंगाबाईंना सगळं सांगून टाकलं. वाटलं, बाई घाबरेल, अंगारा लावेल. तुंगाबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली.

“म्हणजे तीन वर्षं दोन्ही डबे तुम्हीच खात होतात?”

“अगं, ते महत्त्वाचं नाही—”

“नाही कसं? दिवाळीला त्यांच्यासाठी म्हणून अनारसे केले होते मी. तुम्ही येऊन सांगितलंत, शेषगिरीला दात नाहीत, पण आवडले!”

तुंगाबाई पुन्हा सुरी घेत म्हणाल्या, “नाव तुम्ही दिलंत. आवाज तुम्ही दिलात. जेवू मी घातलं. आता तो नाही म्हणायला आपण कोण? माणसानं केलेलं निस्तरावं. उद्यापासून डबा टोकाला पोचला पाहिजे.” आणि थोड्या वेळानं, “तोंड द्यायचं राहिलंय म्हणाले ना? द्या की मग. तुमचं काय जातं?”

गुंडूराव त्या रात्री आढ्याकडं बघत विचार करत राहिले, कुणाचं तोंड द्यावं? मेलेल्याचं दिलं तर मेलेला यायचा. जिवंताचं दिलं तर जिवंताचं काय? आणि आपलं दिलं... त्यांनी उठून आरशात बघितलं आणि तो बेत रद्द केला.

पण खरं सांगायचं तर पुढचा महिना फार सुखाचा गेला. स्कूटर दुरुस्त झाली तरी गुंडूराव टोकाला फक्त डबा ठेवायला जायचे. म्हशी हाकलल्या जायच्या. ‘मोकळी आहे, या’ वेळेवर यायचं, आणि कधी चुकायचं नाही. शेषगिरी हळूहळू मोकळा झाला. दुपारच्या वेळी वायरलेसवर गप्पा मारायचा. उप्पिटात मीठ स्वल्प कमी होतं म्हणायचा. गुंडूराव जुन्या खोड्या सांगायचे, तो खोकत खोकत हसायचा. कस्तुराबाई बऱ्या होऊन निपाणीला गेल्या आणि टोकाच्या बाबासाठी गुळाची ढेप पाठवली. गुंडूरावांचं पोट दोन इंचांनी उतरलं. तुंगाबाई म्हणायच्या, तुमच्या सगळ्या मित्रांत हा एकच सज्जन निघाला.

फेब्रुवारीतली एक सकाळ. धुकं नाही, ढग नाही. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ दिसत होती, रिकामी. दोन्ही बाजूंच्या गवतावर मात्र दव पडलं होतं, जसं काही कुणी पांढरं पीठ चाळलंय. गुंडूराव पायरीवर बसून स्टीलच्या लोट्यातली कॉफी फुंकत होते. विमान यायला तास होता.

“गुंडूराव...”

“बोल, शेषगिरी.”

“रागावणार नसाल तर एक सांगू?”

“मी कधी रागावलोय का?”

खोकला. “टोकाला एकट्याला दिवस जात नाही बघा. तुम्हाला अक्का आहेत. रूपश्रीबाई आहेत. मला कोण? म्हणून... तुमचं बघून बघून, मी पण एक केला.”

“एक काय केला?”

“माणूस.”

गुंडूरावांच्या हातातला लोटा वाटेतच थांबला.

“नाव दयानंद ठेवलंय. चांगला आहे. स्वल्प बुजरा आहे... बोल रे. साहेब आहेत.”

गुंडूरावांना हसू फुटलं. आपल्यालाच आपली खोडी परत मिळाली, तीही अशी बिनतोड! ते मांडीवर थाप मारून हसायला लागले. “अरे चोरा,” ते म्हणाले, “माझाच चेला निघालास की रे!”

वायरलेस खरखरत राहिला. मग एक नवीन आवाज आला. त्यात खोकला नव्हता. वय नव्हतं. नवं भांडं पहिल्यांदा चुलीवर ठेवल्यावर येतो तसा, अजून कुणी न वापरलेला आवाज.

“साहेब... मी राहतो कुठं?”

गुंडूरावांचं हसू अर्ध्यावर राहिलं.

“ह्यांना विचारलं... ते म्हणाले, तुम्हाला विचार. घरं तुम्ही देता म्हणाले.” थोडा वेळ नुसतीच खरखर. “साहेब, मी जेवतो का? मला आई आहे का... होती का? आम्ही तिकडंच येतो. येऊ ना?”

गुंडूरावांचा अंगठा बटणावर होता, पण तो दाबला जाईना. ते गवताकडं बघत होते.

टोकापासून गवतातल्या दवावर दोन हिरव्या रेषा उमटत होत्या, शेजारी-शेजारी, सावकाश, खोलीच्या दिशेनं. वर ऊन होतं, माणूस नव्हता, सावली नव्हती. एका रेषेत पाऊल आणि ओढल्याची खूण, पाऊल आणि ओढल्याची खूण. ती ओळखीची होती.

दुसऱ्या रेषेतली पावलं जवळ आल्यावर दिसली. ती एकसारखी पडत नव्हती. एक लांब, एक आखूड. एक सरळ, एक उलटं. चालायचं कसं, ते त्याचं अजून ठरायचं होतं.